पोस्टग्रेस: ऑर्डर आणि आयटमच्या अटी एका क्वेरीत बसवताना

ऑर्डरचं एक टेबल, तिच्यातल्या आयटमचं दुसरं, मधे ऑर्डर-आयडीची फॉरेन की (आयटम कुठल्या ऑर्डरचा ते सांगणारा कॉलम). अशा जोडीवर रोज अटी लावून रिपोर्ट काढायचे असतील, तर फुकटातल्या डेटाबेसांत माझी पहिली पसंती पोस्टग्रेसला. फक्त तर्क चुकलेली क्वेरीही (डेटाबेसला केलेली विचारणा) ते निमूटपणे चालवतं, हे लक्षात ठेवा.

‘सगळे आयटम रवाना झालेल्या ऑर्डरी’ ही नेहमीची मागणी घ्या. दोन्ही टेबलं जॉइन करून (जोडून) स्टेटस ‘रवाना’ अशी अट घातली, की एक आयटम गेला तरी ऑर्डर यादीत येते. तीन गेले असतील तर तीनदा. मग डिस्टिंक्ट (दुहेरी ओळी काढणारा शब्द) लावून ते झाकलं जातं, पण उत्तर चूक ते चूकच. इथे उलटं विचारायचं: न गेलेला आयटम एकही नाही ना? म्हणजे नॉट एक्झिस्ट्स (‘अशी ओळ नसेल तरच’). त्याच्या आत नुसतं ‘रवाना नाही’ असं लिहिलं तर स्टेटस नल (म्हणजे भरलेलंच नाही असं) असलेला आयटम निसटतो, कारण नलशी केलेली तुलना ना खरी ठरते ना खोटी. तिथे ‘इज डिस्टिंक्ट फ्रॉम’ (नललाही वेगळं धरणारी तुलना) लिहा. एवढं करूनही एकही आयटम नसलेली ऑर्डर पास होतेच. ती नको असेल तर सोबत साधं एक्झिस्ट्स जोडा.

नॉट इनच्या (‘या यादीत नाही’ अशा अटीच्या) वाटेला जाऊ नका. सबक्वेरीत (आतल्या क्वेरीत) एक नल आला की निकालात शून्य ओळी, आणि एरर नाही.

लेफ्ट जॉइनमध्ये (आयटम नसला तरी ऑर्डर ठेवणाऱ्या जोडणीत) आयटमवरची अट व्हेअरमध्ये गेली की रिकाम्या ऑर्डरी गळतात. ती ऑनमध्येच (जोडणीच्या अटीतच) हवी. मोजताना काउंटला आयटमचा आयडी द्या. काउंट-स्टार रिकाम्या ऑर्डरीलाही 1 मोजतो.

खरी मजा फिल्टरची, म्हणजे प्रत्येक मोजणीला वेगळी अट लावण्याची. पोस्टग्रेस 9.4 पासून आलेल्या या सोयीमुळे किती गेले, किती बाकी, किती परत आले हे एकाच ग्रुप बायमध्ये निघतं. केस-व्हेनच्या जंजाळापेक्षा कितीतरी वाचनीय. पण त्यातच पेमेंटचं टेबलही जोडलंत तर 3 आयटम गुणिले 2 पेमेंट, अशा 6 ओळी होतात आणि रकमा फुगतात. प्रत्येक चाइल्ड टेबलाची (आयटम, पेमेंट) बेरीज आधी वेगळी करा, मग जोडा. फक्त शेवटचं पेमेंट हवं असेल तर लॅटरल (प्रत्येक ऑर्डरसाठी चालणारी सबक्वेरी), आत तारखेनुसार उलटा ऑर्डर बाय आणि लिमिट 1.

तक्रार एकच, पण मोठी: फॉरेन कीच्या कॉलमवर पोस्टग्रेस स्वतःहून इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) करत नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं इनोडीबी (साठवणीचं इंजिन) करतं, त्यामुळे तिकडून आलेले हमखास फसतात. इंडेक्स नसेल तर एक ऑर्डर डिलीट करताना आयटमचं अख्खं टेबल चाळलं जातं. आयटमच्या ऑर्डर-आयडीवर इंडेक्स हातानेच करा आणि एक्सप्लेन अ‍ॅनालाइझ चालवून बघा (क्वेरी कशी चालली ते ही आज्ञा दाखवते). सगळ्या ऑर्डरींच्या रिपोर्टला हॅश अँटी जॉइनखाली (नॉट एक्झिस्ट्ससाठी होणाऱ्या जोडणीखाली) सीक्वेन्शियल स्कॅन (अख्खं टेबल वाचणं) दिसला तर बिघडत नाही. मोठ्या टेबलात एकाच ग्राहकाच्या दोन-चार ऑर्डरींसाठी तो दिसला, तर इंडेक्स राहिलाय का ते आधी तपासा.