फी वसूल झाली ती फक्त 'हॅव'मुळे (स्पोकन इंग्लिश क्लास, चिंचवड)

दीड महिन्याचा स्पोकन इंग्लिशचा क्लास परवा संपला, फी 4500, संध्याकाळी 7 ते साडेआठ. क्लासचं नाव लिहीत नाही कारण खाली तक्रार पण आहे आणि सर भला माणूस आहे. दुसरा मजला, लिफ्ट नाही, गाडी लावायला जागा मिळाली तर नशीब. मी चाकणला क्वालिटीत आहे, कस्टमर इंग्लंडचा, आठवड्यातून दोनदा कॉल, वाचता लिहिता येतं पण समोरचा बोलायला लागला की दातखीळ बसते म्हणून गेलो.

पहिले दोन आठवडे फालतू. एक नवीन मॅडम नोट्स वाचून दाखवायच्या, त्यात छापलेलं 'हॅव म्हणजे जवळ असणे' आणि खाली वीस वाक्यं, आय हॅव अ पेन, आय हॅव अ कार. अहो हे पाचवीत झालं की आमचं. पैसे परत मागावेत का असा विचार चालू होता.

तिसऱ्या आठवड्यात मोठे सर आले आणि इंग्लिशच्या क्लासमध्ये फळ्यावर चक्क मराठी लिहायला लागले. माझ्याकडे गाडी आहे. मला दोन मुलं आहेत. त्याच्यात दम आहे. तिचे डोळे घारे आहेत. म्हणाले इंग्रजीत चारही ठिकाणी हॅव बसतं, आता तुम्ही मराठीत कडे, ला यांची अदलाबदल करून बघा. माझ्याकडे दोन मुलं आहेत म्हटलं की पाळणाघर काढलंय असं वाटतं, अख्खी बॅच हसली. चाळीस वर्षं मराठी बोलतोय पण कधी डोक्यातच आलं नाही की आपल्याकडे ह्याला वेगळं क्रियापदच नाहीये, आपण सगळं 'आहे'वर भागवतो. म्हणून मग 'आहे'चं 'ऍम' करतो आणि वर हॅव पण लावतो, आय ऍम हॅविंग टू ब्रदर्स. सर म्हणाले हॅवचा अर्थ खाणं-पिणं पण होतो, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटेल दोन भाऊ जेवायला घेतलेत. मालकीचं किंवा नात्याचं हॅव असेल तर आयएनजी नको, पण लंच, मीटिंग, पार्टी, त्रास असं काही चालू असेल तर खुशाल हॅविंग म्हणा.

मला खरा झटका बसला तो केसांवरून. मागे एकदा कॉलवर मी सहज बोललो होतो, येस्टरडे आय कट माय हेअर, तर पलीकडचा साहेब म्हणाला युवरसेल्फ? आणि हसला, मला काही कळेना. आपण म्हणतोच ना, काल केस कापले, त्यात न्हावी सांगावा लागत नाही. इंग्रजीत सांगावा लागतो, आय हॅड माय हेअर कट, म्हणजे कापून घेतले. आणि हेच कामाचं आहे हो, कारण तो साहेब वी विल हॅव द पार्ट्स चेक्ड म्हणतो तेव्हा पार्ट तो स्वतः तपासणार नाहीये, दुसऱ्याकडून तपासून घेणार आहे, आणि मी मेलमध्ये तोच तपासणार असं लिहून बसायचो. ह्या एका वाक्यासाठी माझी फी वसूल.

उच्चाराचं पण एक सांगितलं, हॅव टू म्हणजे करावं लागणं, तेव्हा पटकन बोलताना ते 'हॅफ टू' होतं, पुढच्या टमुळे व चा फ होतो. मी इतके दिवस कॉलवर हाफ ऐकत होतो आणि अर्धं काय ते शोधत होतो. आय हॅव हॅड माय लंच मधले दोन हॅव मात्र एका तासात बसले नाहीत, पहिला 'झालंय'चा आणि दुसरा 'जेवण्याचा' एवढं लक्षात ठेवलंय, आपल्या 'जेवण झालं माझं'ला तोड नाही.

आता तक्रार. मोठे सर आठवड्यातून एकदाच येतात, बाकी दिवस त्याच नोट्स. बॅच 15 जणांची सांगितली, निघाली 28 ची. आणि सर्टिफिकेटचे वेगळे 500, हे ऍडमिशनच्या वेळी कोणी बोललं नाही. सरांनीच शिकवलंय की कुणी गंडवलं तर म्हणायचं आय हॅव बीन हॅड, ते मी काउंटरवर म्हणून पाहिलं, तिथल्या ताईंनी शांतपणे विचारलं, हॅड व्हॉट सर?

साडेतीन स्टार. जायचंच असेल तर आधी मोठे सर कुठल्या वारी असतात ते विचारा, आणि खिडकीकडची रांग पकडा, मागचा पंखा बंद आहे.