पाच हजारांचा गेम: डिस्कवर घ्यावा की डाउनलोड करावा?

टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, म्हणजे कन्सोल, घ्यायचं पक्कं झालंय, पण डिस्कवाला की बिनडिस्कचा यावर गाडी अडली आहे, अशांसाठी हे लिहितोय. हा निर्णय मी दोनदा घेतला. 2021 च्या शेवटी सोनीचा प्लेस्टेशन 5 (पीएस 5) घेतला, तोही डिजिटल म्हणजे बिनडिस्कचा, कारण डिस्कवाला 49,990 चा होता आणि हा 39,990 चा. दहा हजार सरळ वाचत होते. पुढे 2024 मध्ये त्याचाच सडपातळ अवतार, स्लिम, आला, तिथेही 54,990 आणि 44,990 असं तेच दहा हजारांचं अंतर होतं. त्या वर्षी मी जुना विकून डिस्कवाला घरी आणला. का आणला, ते सांगतो. तुमचं घर वेगळं, खेळायची सवय वेगळी, तेव्हा माझं सगळंच तुम्हाला लागू होईल असा दावा नाही.

गेम महाग आहेत का? आहेत. पण त्यामागे एकच कारण नाही. अमेरिकेत मोठा गेम 2005-06 च्या सुमाराला 60 डॉलरचा झाला आणि 2020 पर्यंत तिथेच राहिला. मग 70 चा झाला, आणि 2025 मध्ये निन्टेन्डोने 'मारिओ कार्ट वर्ल्ड'ला 80 डॉलर लावले. 2020 पर्यंतच्या पंधरा वर्षांत दहाच डॉलर वाढले. आपल्या तर्री-पोह्याच्या प्लेटचा भाव तेवढ्याच काळात कुठून कुठे गेला, आठवून पाहा. रुपया मात्र डॉलरमागे 45 च्या आसपास होता, तो 74 च्या आसपास गेला आणि आणखी घसरत राहिला. सोनीचे मोठे गेम पीएस 5 वर इथे 4,999 ला आले. 85 च्या भावाने 70 डॉलरचे 5,950 होतात. वर आपल्या 4,999 मध्ये 18 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 763 रुपये, आधीच धरलेले असतात. अमेरिकेत कर वरून लागतो. म्हणजे आकड्यांत बघायला गेलं तर आपण कमीच देतो. पण आपला पगार रुपयांत येतो आणि घराचा हप्ताही रुपयांतच जातो. महिन्याच्या किराण्याशेजारी 4,999 लिहून पाहिले की तो आकडा किती मोठा आहे ते कळतं.

बनवायला येणारा खर्चही खोटा नाही. 2023 च्या जूनमध्ये अमेरिकेत मायक्रोसॉफ्टच्या खटल्यात सोनीचे काही कागद कोर्टात गेले. त्यातले आकडे काळ्या मार्करने खोडलेले होते, पण स्कॅन केल्यावर खालचं दिसायला लागलं. 'द लास्ट ऑफ अस पार्ट 2'ला 22 कोटी डॉलर लागले होते, तेव्हाच्या भावाने सुमारे 1,800 कोटी रुपये. 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'ला 21 कोटी 20 लाख डॉलर, पाच वर्षं आणि तीनशे माणसं. एवढ्या माणसांचे पाच वर्षांचे पगार गेमच्याच किमतीतून निघायचे असतात, हे मला मान्य आहे. मेहनतीचे पैसे द्यायला माझी ना नाही.

माझं अडतं ते पुढच्या प्रश्नावर. डाउनलोडला डबा लागत नाही, डिस्क लागत नाही, ट्रक लागत नाही, दुकानदाराचं कमिशन नाही. मग तोही 4,999 लाच का? मला दिसणारं कारण सरळ आहे: बिनडिस्कच्या कन्सोलला दुकान एकच. 2019 च्या एप्रिलपासून सोनीने आपल्या पूर्ण गेमचे डाउनलोड कोड बाहेरच्या दुकानांतून विकणं बंद केलं. तेव्हापासून पैसे सोनीच्या ऑनलाइन वॉलेटमध्ये भरायचे आणि गेम त्यांच्याच स्टोअरवर घ्यायचा. डिस्कचं तसं नसतं. इथे नागपुरात बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, एका दुकानात 4,999 सांगितले तर पलीकडचा 4,500 म्हणतो, ऑनलाइन सणाच्या सेलमध्ये आणखी खाली जातो आणि सहा महिन्यांनी वापरलेली डिस्क निम्म्यावर येते. चार जण विकायला बसले की भाव हलतो.

तरी डिजिटलची बाजू कमी लेखू नका. अडीच वर्षं मी त्यावर सुखाने खेळलो. रात्री अकराला मुलं झोपली की बसायचं, एका गेममधून दुसऱ्यात जायचं, डबे शोधायचे नाहीत, उठून डिस्क बदलायची नाही. ओरखड्याची भीती नाही. स्टोअरवरचे सेलही खरे असतात; वर्ष-दोन वर्षं जुना गेम निम्म्या किमतीत किंवा त्याहून खाली मी कितीतरी वेळा घेतलाय. छोटे गेम तर डिजिटललाच शोभतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' मी असाच घेतला. तसला गेम डिस्कवर शोधत बर्डीभर फिरण्यात अर्थ नाही. वाट पाहायची तयारी असेल, नवा गेम पहिल्याच आठवड्यात हवा असा हट्ट नसेल आणि घरात एकटेच खेळणारे असाल, तर डिजिटलवाला तुम्हाला पुरेल. कन्सोलवरचे पैसेही वाचतील.

मग माझं कुठे बिनसलं? एका दिवाळीला.

भाचा चंद्रपूरला असतो, नववीत. त्याच्याकडेही पीएस 5 आहे, डिस्कवाला. दिवाळीच्या सुट्टीत तो आठ दिवस आमच्याकडे आला. त्याच्यासाठी म्हणून मी एक नवा गेम पूर्ण किमतीत उतरवून घेतला होता. आठही दिवस दोघं मामा-भाचे त्यावर बसलो. तो सकाळी दात घासायच्या आधी कंट्रोलर हातात घ्यायचा. भाऊबीज झाली, ताई-भाऊजी न्यायला आले, बॅगा गाडीत गेल्या. गेमचा शेवट थोडाच राहिला होता. चपला घालता घालता तो म्हणाला, "मामा, नेऊ का हा? पूर्ण करून परत देतो."

नेण्यासारखं काही नव्हतंच. टीव्हीवर एक चौकोनी चित्र होतं, ते माझ्या खात्याला बांधलेलं. त्याला समजावून सांगताना मला जे वाटलं ते अजून विसरलो नाही. पाच हजार देऊन घेतलेली वस्तू, मी ती खेळून झालो होतो, तिची गरज समोर उभ्या पोराला होती, आणि मला ती देता येत नव्हती. यात कोणी फसवलं नाही, नियम पहिल्यापासून तसाच आहे. डाउनलोड घेताना आपण गेम वापरायचा परवाना घेतो, वस्तू घेत नाही. ते मी वाचलेलं होतं. पण कळलं त्या दिवशी, दारात. भाऊजींनी पुढच्या आठवड्यात त्याला तोच गेम डिस्कवर घेऊन दिला. एका कुटुंबाचे एकाच गेमला दोनदा पैसे गेले.

खाती वाटून घेणारे लोक आहेत, मला माहीत आहे. आपला पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देणं मला पटत नाही, म्हणून तो रस्ता मी मोजत नाही.

डिस्कवाला घेतल्यावर आम्ही चौघांनी भिशी सुरू केली. बायकांची पैशांची असते तशी, फक्त ही गेमची. मी त्रिमूर्तीनगरला, ऑफिसातला एक जण मनीषनगरला, मेहुणा जरीपटक्याला आणि कॉलेजचा मित्र वर्धमाननगरला. नवा गेम आला की प्रत्येकी 1,250 काढायचे. चिठ्ठी टाकून नंबर ठरतो आणि प्रत्येकाला तीन आठवडे मिळतात. हस्तांतर बहुतेक वेळा सीताबर्डी इंटरचेंजला, कारण मेट्रोच्या दोन्ही लाइन तिथे मिळतात आणि कोणालाच फार वाकडी वाट पडत नाही. डब्यात एक कागद ठेवलाय; त्यावर नाव, घेतल्याची तारीख, दिल्याची तारीख. मेहुण्याच्या ओळीपुढे चहाचा गोल डाग आहे. चौघांचं झालं की डिस्क विकायची आणि आलेले पैसे चार ठिकाणी करायचे.

मागच्या गेमचा हिशेब सांगतो. 4,999 ला घेतला. तीन महिन्यांनी बर्डीवर मोदी नंबरच्या एका गल्लीत विकला. दुकानदाराने डिस्क ट्यूबलाइटखाली तिरकी धरली, बोटाने कड फिरवून पाहिली, डब्याचा कागद पाहिला आणि 2,500 म्हणाला. मी म्हटलं, पाहा ना, एक ओरखडा नाही. तो म्हणाला, "भाऊ, ओरखड्याचं नाही. नवीन येऊन रायला दिवाळीत, मंग याचे काईच येत नाही. आताच देऊन टाका." शेवटी 2,800 वर जमलं. म्हणजे 2,199 चौघांत, प्रत्येकी 550. त्या गेमवर मी जवळजवळ चाळीस तास घालवले. एवढ्या पैशात गेम महाग आहे असं मला म्हणवणार नाही.

आणि भिशी नसती, एकट्यानेच घेऊन त्याच भावाने विकले असते, तरी एका गेमला 2,200 पडले असते. असे चार गेम विकले की 11,200 परत येतात आणि माझ्या कन्सोलचे जास्तीचे दहा हजार तिथेच वसूल. वर्षाला एखादाच गेम घेणाऱ्याचं हे गणित बसायला चार वर्षं लागतील. मला दीड वर्ष लागलं.

डिस्कचे त्रासही आहेत, ते लपवत नाही. इन्स्टॉल करावाच लागतो, जागा तेवढीच अडते आणि वर पहिल्या दिवसाचा अपडेट असतोच. डिस्क आहे म्हणून इंटरनेट वाचेल ही आशा ठेवू नका. खेळताना डिस्क आत असावीच लागते. विकायला उशीर केला की भाव पडतो, म्हणजे गेम आवडला म्हणून रेंगाळायची सोय नाही. आणि आपला उन्हाळा. मे महिन्यात डबा दुपारभर गाडीत राहिला आणि डिस्क किंचित वाकली, ती परत वाचलीच गेली नाही. तो तोटा माझा एकट्याचा होता, भिशीला मी भरून दिला. बारीक ओरखड्यांना मात्र फार घाबरू नका. या ब्लू-रे प्रकारच्या डिस्कवर टणक लेप असतो, जुन्या सीडीसारखी ती लगेच अडत नाही.

डिस्क म्हणजे गेम कायमचा आपला, असंही कोणी सांगितलं तर मान डोलवू नका. युबिसॉफ्ट या गेम कंपनीने आपल्या 'द क्रू' गेमचे सर्व्हर 31 मार्च 2024 ला बंद केले आणि डिस्क असलेल्यांचाही गेम त्या दिवशी संपला, कारण तो सर्व्हरशिवाय चालतच नव्हता. सतत ऑनलाइन लागणारा गेम डिस्कवर घेतला तरी तेवढाच कच्चा. मी डिस्कची बाजू घेतो ती देता येते आणि विकता येते म्हणून. 2013 मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सबॉक्स वन या कन्सोलवर वापरलेल्या डिस्कवर बंधनं आणायचं ठरवलं, तेव्हा सोनीने एक छोटा व्हिडिओ काढला होता: गेम कसा शेअर करायचा? एक माणूस डबा देतो, दुसरा घेतो, संपलं. लोकांची नाराजी एवढी होती की मायक्रोसॉफ्टला दोन आठवड्यांच्या आत माघार घ्यावी लागली. आज बिनडिस्कचे कन्सोल विकले जातात आणि तेच बंधन आपण काही हजारांच्या सवलतीत स्वतःहून घेतो. हे मला मनापासून खटकतं.

पीसीवाल्यांना जाता जाता: तुमचं गणित निराळं. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात 2015 पासून रुपयांत भाव आहेत, आणि चौदा दिवसांच्या आत व दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. प्लेस्टेशनच्या स्टोअरवर डाउनलोड एकदा सुरू झालं की, गेममध्येच दोष असल्याशिवाय, तो रस्ता बंद होतो. पीसीवर डिस्क नाही याचं मला एवढं वाईट वाटत नाही ते यामुळेच.

तेव्हा दुकानात जायच्या आधी एक करा. ओळखीत डिस्कवाला कन्सोल असलेली माणसं मोजा. भाचे, मेहुणे, ऑफिसातले, सोसायटीतले, सगळे. दोन-तीन जरी निघाले तरी मी डिस्कवालाच घ्या म्हणेन, जास्तीच्या पैशांची ओढाताण होत असली तरी, हवं तर दोन महिने थांबून. एकही निघाला नाही आणि विकाविकीचा कंटाळा असेल, तर डिजिटल घ्या आणि नवा गेम कधीच पहिल्या महिन्यात घेऊ नका.

आमच्या भिशीची सध्याची डिस्क वर्धमाननगरला आहे, कागदावर शेवटचं नाव त्याचंच. पण या वेळी ती विकायची नाही असं चौघांनी ठरवलंय. नाताळच्या सुट्टीत ती चंद्रपूरला जाणार आहे.