चंदेरी गच्ची आणि 5 लाख 29 हजार

गच्ची थंड करतो, सोलर बसवतो म्हणत एका ठेकेदाराने आमच्या सोसायटीला फसवलं. आधी आकडे, कारण सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ते रोज बदलून फिरताहेत. गच्चीच्या ‘हीट प्रूफ’ कोटिंगचे 3,04,000. सोलरचा अ‍ॅडव्हान्स 1,50,000. ‘सबसिडी फाइल’चे 15 फ्लॅटकडून प्रत्येकी 5,000, म्हणजे 75,000. एकूण 5,29,000 रुपये. सोळावा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा. त्यांनी पैसे दिले नव्हते आणि आता जिन्यात कुणीही भेटलं की एवढंच सांगतात.

मी सचिव, आणि राहतो सगळ्यात वर. त्यामुळे ‘स्वतःचं घर थंड करायला सोसायटीचा फंड उडवला’ हेही ऐकून झालं. ठराव सर्वसाधारण सभेत झाला, इतिवृत्तावर सह्या आहेत, वर गेलेले हात मी मोजलेत. आता ते हात कुणाचे होते हे कुणालाच आठवत नाही.

इमारत 1991 ची, विदर्भातली. शहराचं आणि कंपनीचं नाव वकिलांनी लिहू दिलं नाही. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या सगळ्यात तापलेल्या नऊ दिवसांत, आमच्याकडे रात्री दोन वाजताही स्लॅब धग टाकत असतो आणि कूलर नुसता घरघरत राहतो. अशा वेळी कुणी येऊन ‘भाऊ, गच्ची थंड करून देतो, वीजबिल निम्मं करतो’ म्हटलं तर माणूस ऐकणारच. तळमजल्याचंही बिल गच्चीच्या रंगाने निम्मं कसं होणार, हे मात्र सोळा घरांतल्या एकानेही विचारलं नाही. रंगाचा फायदा मुख्यतः वरच्या मजल्याला. खाली तो जेमतेम पोचतो.

त्या ठेकेदाराने सांगितलेलं बरंचसं खरं होतं, हीच खरी गोम. तेलंगणाने 2023 मध्ये कूल रूफ धोरण आणलं, खरं. अहमदाबादेत वस्त्यांच्या छपरांना पांढरा रंग मारला, खरं. पांढऱ्या गच्चीने खालची खोली थोडी थंड राहते, तेही खरं. मग आली सूर्यघर योजना, छतावरच्या सोलरला सबसिडी देणारी केंद्राची. ‘3 किलोवॉटपासून पुढे 78,000 सबसिडी. सोळा फ्लॅट आहेत, तुम्हीच गुणा.’ कॅल्क्युलेटर माझ्याच हातात दिला. 12,48,000! सभेत टाळ्या पडल्या. ते 78,000 असतात स्वतःच्या मीटरवर स्वतःचं सोलर बसवणाऱ्या घराला. सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॉटमागे 18,000 मिळतात. आमचं ठरलं होतं 5 किलोवॉट, म्हणजे सगळं सुरळीत पार पडलं असतं तरी 90,000. ही माहिती योजनेच्या सरकारी पोर्टलवर उघडी पडलेली आहे.

आता तो प्रसंग, जो आठवला की अजून कानशिलं तापतात. मे महिना, दुपारचे दोन. त्याने गच्चीच्या कोपऱ्यात चटईएवढा चौकोन चंदेरी रंगवून ठेवला होता. हातात बंदुकीसारखं थर्मामीटर. बाजूच्या कोब्यावर धरलं, 61. चंदेरीवर धरलं, 38. सगळ्यांनी मोबाइलवर फोटो काढले. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरच्या काकू चप्पल काढून त्या चौकोनावर उभ्या राहिल्या आणि ‘अगं आई गं, चटका बसला!’ म्हणत मागे सरल्या. आम्ही हसलो. तो म्हणाला, ‘काकू, कोटिंग अजून सेट व्हायचंय.’ आणि आम्ही मान डोलावली!

नंतर भाच्याने समजावलं. तो इंजिनिअर आहे, पण तेव्हा पुण्याला होता. असं थर्मामीटर पृष्ठभागातून निघणारी उष्णता मोजतं. चकचकीत धातूचा रंग ती कमी सोडतो, वर थंड आकाशाचं प्रतिबिंब दाखवतो. म्हणून आकडा खोटा, चटका खरा. पांढऱ्या रंगाला हे लागू नाही, पण ठेकेदाराने पांढरा मारलाच नाही. पत्र्याला आणि टाकीला मारतात तो साधा अ‍ॅल्युमिनियमचा रंग, 95 रुपये चौरस फुटाने, 3,200 चौरस फूट. हे शास्त्र सोसायटीच्या सचिवाला माहीत असावं अशी अपेक्षा असेल तर धन्य आहे. डेमो बघायचाच असेल तर खालच्या खोलीत, छताखाली साधं थर्मामीटर टांगून, दोन-तीन दिवस बघा.

पहिल्या दोन पावसांत पावसाळी पाइपातून चंदेरी पापुद्रे खाली आले. तरी रंगाचं एक वेळ सोडा. सोलरच्या स्ट्रक्चरसाठी म्हणून त्याने कोब्यातून थेट स्लॅबमध्ये 20 भोकं पाडली, बोल्ट ठोकले आणि गेला. पॅनेल आलेच नाहीत. कोब्याखालचं वॉटरप्रूफिंग फुटलं. माझ्या बेडरूमच्या छताला आज बोल्टच्या ओळीत पाच ओले डाग आहेत. जुन्या गच्चीवर ड्रिल करू देऊ नका. सिमेंटचे ठोकळे ठेवून त्यावर स्ट्रक्चर उभं करता येतं, आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब फाइल न उघडताच म्हणाले, ‘काम थोडं केलंय ना? मग हे दिवाणी मॅटर.’ भोकं पाडणं हे काम? आर्थिक गुन्ह्यांच्या कक्षात रक्कम ऐकून एकाने दुसऱ्याकडे पाहिलं. इतक्या लहान केस इथे नाहीत म्हणे, ठाण्यातच जा. उपनिबंधक कार्यालयाची तऱ्हा आणखी वेगळी. ठेकेदार आमच्या अखत्यारीत नाही, पण तुमच्या कमिटीने निविदा का मागवल्या नाहीत, याचा खुलासा द्या! चोर मोकळा आणि खुलासा माझा. तीन कोटेशन होती, फाइलला लावलेली. ती तिन्ही त्यानेच आणून दिली होती, हे मला काय स्वप्नात दिसणार होतं? वीज कार्यालयात तर कळस झाला. आमचा कॉमन मीटर 1991 पासून बिल्डरच्याच नावावर आहे, सोसायटीच्या नावाने सोलरचा अर्ज झालेलाच नाही. त्याने दाखवलेला अर्ज क्रमांक कुठल्यातरी तिसऱ्याच ग्राहकाचा. जुन्या इमारतीवाल्यांनो, आजच बिलावरचं नाव बघा.

सबसिडी मिळवून देण्याची फी नसते. अर्ज ग्राहकानेच पोर्टलवर करायचा, ठेकेदार तिथल्या यादीतला हवा, आणि पैसे प्रकल्प सुरू झाल्यावर थेट ग्राहकाच्या खात्यात येतात. आमचे 75,000 यूपीआयने एका बाईंच्या नावावर गेले. ‘अकाउंट सेक्शन’ म्हणे. कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक सरकारी साइटवर टाकायला एक मिनिट लागतं. आम्ही टाकला तो नंतर: नोंदणी रद्द. वीजच वाचवायची होती तर जुना पंखा 75 वॉट खातो, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, 30 च्या आसपास. या पैशात सोळाही घरांतले सगळे पंखे बदलून वर पैसे उरले असते, पण पंख्याला टाळ्या पडत नाहीत.

आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकतो आहोत. 5 लाखांपर्यंत फी शून्य, आमची रक्कम वर गेली म्हणून 200 रुपये. तेही मीच भरले, कारण सोसायटीच्या खात्यातून चेक काढायचा तर आता दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची हरकत आहे.