संकरित की देशी? गाय घेण्याआधी लम्पी-खुरकुताचा विचार

बाजारात गेलात की कुणीतरी सांगणारच, "देशी घ्या, रोगराईची कटकट नाही." हे अर्धंच खरं आहे.

लाळ्या-खुरकुतात फरक डोळ्यांना दिसतो. खिलार किंवा देवणी या देशी गाईला ताप येतो, तोंडात फोड येतात, काही दिवस लंगडते आणि बहुतेक वेळा पुन्हा चारा खायला लागते. एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, विदेशी जात) संकरित गाईची जीभ सोलवटते, लाळेच्या तारा लोंबतात, ती वैरण सोडते, कास बिघडते. बरी झाली तरी काही गाई पुढे उन्हात धापा टाकत राहतात, दूध पहिल्यासारखं येत नाही. जीव वाचतो, धंदा बसतो.

लम्पीचं, म्हणजे अंगावर गाठी उठणाऱ्या कातडीच्या रोगाचं, गणित वेगळं. खुरकूत आपल्या जनावरांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचा. लम्पी भारतात पहिल्यांदा आढळला तो 2019 साली, ओडिशात. पातळ कातडीच्या एचएफ-जर्सीला त्रास जास्त होतो आणि देशी जनावरावर रोग पसरवणारी गोचीड कमी टिकते, हे मान्य. पण 2022 च्या साथीत देशी गाईही दगावल्या. आमच्या गोठ्यात लस टोचलेली संकरित गाय चार गाठींवर निभावली. शेजारी बांधलेल्या, लस राहून गेलेल्या खिलार खोंडाचे पाय खांबासारखे सुजले, गळ्याखालच्या पोळीत पाणी उतरलं आणि नवव्या दिवशी ते गेलं. त्याच्या मानेवरून हात फिरवताना लागलेल्या त्या टणक गाठी मी विसरलेलो नाही. म्हैस या रोगात बरीच सुरक्षित राहते, हे जाता जाता सांगतो.

म्हणून माझं मत असं. हिरवा चारा, सावली आणि हाकेच्या अंतरावर डॉक्टर असेल, दुधावर घर चालवायचं असेल, तर संकरित घ्या. पण खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी आणि लम्पीची दरवर्षी, हा खर्च-वेळ आधीच धरा. कोरडवाहू शेती, लांबचा दवाखाना, दूध घरापुरतं असेल तर देवणी बरी. लस तिलाही तेवढीच लागते.

दोन्हींत वासराला जन्मल्यावर तासाभरात चीक (गाईचं पहिलं दूध) पाजाच. आईच्या अंगातली ताकद त्याच वाटेने त्याच्यात जाते. आणि बाजारातून आणलेली गाय, कुठल्याही जातीची असो, पहिले 28 दिवस वेगळी बांधा, तिची बादलीही वेगळी ठेवा.