1947ची शेव्हरोले स्टाइलमास्टर कूपे : विकण्याआधीचे परीक्षण

जालन्यातील आमच्या घरी 31 वर्षे सांभाळलेली 1947ची शेव्हरोले स्टाइलमास्टर कूपे ही दोन दारांची मोटार मी आता दलालाविना विकायला काढली आहे. गाडी पाहायला येणाऱ्यांना जे तोंडी सांगतो, तेच तिच्या दोषांसह येथे लिहून ठेवतो, म्हणजे लांबून येणाऱ्याचा फेरा वाया जाणार नाही.

बाहेरून गाडी नीटनेटकी आहे. आपल्याकडच्या कोरड्या हवेमुळे तळाचा पत्रा शाबूत राहिला. फक्त डाव्या मागच्या मडगार्डखाली वीतभर तुकडा जोडलेला आहे आणि तो मी प्रत्येकाला वाकून पाहायला लावतो.

खरे मोल इंजिनाचे आहे. सहा सिलिंडरचे, 216.5 घनइंच, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचे आणि 90 अश्वशक्तीचे हे मूळ इंजिन अजून त्याच चेसिसवर आहे. वडिलांच्या काळात एका गॅरेजवाल्याने त्या जागी डिझेल इंजिन बसवण्याचा आग्रह धरला होता, पण वडील बधले नाहीत, आणि त्यांच्या त्या नकाराची किंमत मला आज कळते आहे. या मूळ इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडना, म्हणजे पिस्टनला जोडलेल्या दांड्यांना, बॅबिट या मऊ मिश्रधातूचे बेअरिंग असून त्यांना तेल आजच्यासारखे पूर्ण दाबाने मिळत नाही, त्यामुळे ताशी 60 ते 65 किलोमीटरच्या वेगाने ते दिवसभर सुखाने चालते, पण त्यापुढे फार वेळ ताणलेले त्याला सोसत नाही. समृद्धी महामार्ग घराजवळून जात असूनही मी ही गाडी त्यावर कधी घातली नाही. दौलताबादहून खुलताबादचा घाट मात्र ती दुसऱ्या गिअरमध्ये कुरकुर न करता चढते.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पंप आणि नळी तापून पेट्रोलची वाफ होते व गाडी बंद पडते. अशा वेळी बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवावे आणि पंधरा-वीस मिनिटे थांबावे. इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही, म्हणून पंपाचा पडदा आणि सर्व नळ्या मी बदलून घेतल्या आहेत. विजेची जोडणी मूळची 6 व्होल्टचीच आहे. हेडलाइटचा उजेड त्यामुळे मंद पडतो आणि रात्रीचा लांबचा प्रवास टाळावा लागतो. पहिला गिअर गाडी पूर्ण थांबल्याखेरीज टाकू नये, नाहीतर दाते घासतात.

आता कागदपत्रे. आपला भाग तेव्हा हैदराबाद संस्थानात असल्याने सर्वांत जुना कागद उर्दूत आहे. त्याचे मराठी भाषांतर करून मी सोबत जोडले आहे, कारण मालकीची साखळी कोठे तुटलेली दिसली तर जाणकार ग्राहक पुढे बोलतच नाही. 2021 च्या केंद्रीय नियमानुसार 50 वर्षांहून जुन्या आणि चेसिस, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती 10 वर्षे चालते, मात्र अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. आमची गाडी या अटींत बसते, आणि डिझेल इंजिन बसले असते तर ती बसली नसती.

एका दलालाने गाडी न उघडता, केवळ फोटो पाहून भाव सांगितला होता. तो मी मान्य केला नाही, कारण मूळ इंजिनाचा त्यात विचारच नव्हता. ज्याला खरोखर घ्यायची आहे त्याने आपला मिस्त्री सोबत आणावा आणि सकाळी लवकर यावे. इंजिन मी आधी तापवून ठेवणार नाही. थंड इंजिन त्याने स्वतःच्या हाताने सुरू करावे, धूर कोणत्या रंगाचा येतो ते पाहावे आणि तेलाचा दाब बघावा. चेसिस नंबरचा पेन्सिलने ठसा घेऊन तो आरसीशी ताडून पाहावा आणि मगच इसार द्यावा. मालकी बदलाच्या फॉर्म 29 व 30 वर सह्या पूर्ण रक्कम मिळेल त्याच दिवशी आणि दोघांच्या समक्ष होतील. नाव बदलून घेण्यासाठी आरटीओ कार्यालयात मी स्वतः येईन. जुना कार्ब्युरेटर, जास्तीचा डायनामो आणि वडिलांच्या हस्ताक्षरातील दुरुस्तीची वही गाडीसोबत मिळेल; वहीची एक प्रत तेवढी मी घरी ठेवली आहे.