कान्हेरीची लेणी की राणीबागेतली झाडं?

रविवारची एकच सकाळ मोकळी आहे. एका गटाची कान्हेरीला लेणीफेरी आहे, दुसऱ्याची भायखळ्याच्या राणीबागेत वृक्षफेरी. मुंबईत हा पेच अधूनमधून पडतोच. माझं उत्तर कॅलेंडरवरचा महिना बघून ठरतं.

पावसाळा असेल तर डोळे झाकून कान्हेरी. शंभराहून जास्त लेणी, साधारण हजार वर्षांच्या काळात खोदलेली. पण खरी गंमत पाण्याची. कातळात पन्हळी खोदून पावसाचं पाणी लेण्यालेण्याच्या टाक्यांत उतरवलेलं आहे. तिथल्या शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटलंय, आणि दान देणारे कल्याणचे, सोपाऱ्याचे. उन्हाळ्यात या पन्हळी नुसत्या खाचा वाटतात. जुलैत त्यांतून पाणी धावताना बघितलं की भिक्षूंनी डोंगरावर वर्षभर कसं भागवलं असेल, हे सांगावं लागत नाही.

बाकी बरंच मात्र सांगावंच लागतं. जाणकार सोबत नसेल तर तिसऱ्या क्रमांकाचं भव्य चैत्यगृह (बौद्धांचं प्रार्थनागृह) बघून झाल्यावर उरलेल्या खोल्या सारख्याच दिसायला लागतात. नव्वदाव्या लेण्यात अकराव्या शतकातल्या पारशी पाहुण्यांनी कोरलेला पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतला, मजकूर आहे. (भिंतीवर नाव कोरायची हौस आजची नाही!) तो एकट्यानं शोधून सापडणं कठीण. तेव्हा फेरी निवडताना शुल्क किती यापेक्षा सांगणारा कोण, ते आधी विचारा. राष्ट्रीय उद्यानाच्या बोरिवलीच्या फाटकापासून लेणी बरीच आत आहेत, पायऱ्या उंचसखल, शेवाळलेल्या. गुडघे दुखणाऱ्यांना आग्रह करू नका. अर्धा दिवस तर जातोच.

राणीबागेचं तसं नाही. स्टेशनवरून चालत जायचं, सपाट वाटा, दोन तासांत मोकळे. आजी, नातवंडं, सगळी चालतात. पोरं पेंग्विनकडे पळाली तर पळू द्यावीत. 1862 सालची ही बाग, आणि तिच्यातली कितीतरी झाडं परदेशी: गोरखचिंच आफ्रिकेची, कैलासपती दक्षिण अमेरिकेचा, उर्वशी म्यानमारची. उर्वशीची लालभडक लोंबती फुलं बघायची तर हिवाळ्यात जा. एका फेरीत मात्र बाग कळत नाही. लेणं वर्षभर तेच असतं, झाड दर दोन महिन्यांनी वेगळं. म्हणून कान्हेरी एकदा, पण नीट. राणीबाग वर्षातून तीनचारदा, असा माझा हिशेब.

आणि पुरातत्त्वाची ओढ असूनही राणीबागच वाट्याला आली, तर संग्रहालयाजवळचा दगडी हत्ती बघा. पोर्तुगिजांनी ज्याच्यावरून घारापुरीला एलिफंटा म्हटलं, तोच हा. 1864 मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना पडून त्याचे तुकडे झाले. 1914 मध्ये ते जोडले. सांधे अजून दिसतात.