जुनं क्लॅरोनेट ऑनलाइन लिलावात घेताय? आधी त्याच्या पाठीचा फोटो मागा

लिहू की नको करत दोन महिने गेले, कारण हे लिहिलं की आपण किती बावळट आहोत ते सगळ्यांना कळतं. पण मागच्या आठवड्यात भजनी मंडळातल्या एका पोरानं मला मोबाइल दाखवला, म्हणे काका हे क्लॅरोनेट पाहून ठेवलं आहे, लाकडाचं आहे, स्वस्तात निघून राहिलं आहे, घेऊन टाकू का? आणि फोटो पाहिले तर मी जे घेऊन फसलो डिट्टो त्याच्यासारखेच, मखमलीवर ठेवलेलं, चाव्या चकाचक, सगळे फोटो समोरून. म्हटलं आता लिहितोच.

थोडं मागचं सांगावं लागेल. माझे काका नागपूरच्या महाल भागातल्या एका बँड पार्टीत क्लॅरोनेट वाजवायचे. लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीला सकाळपासून. त्यांचं मेरठचं वाद्य माझ्याकडे आलं, त्याच्यावरच मी शिकलो, आणि ते अल्बर्ट सिस्टिमचं आहे, सिस्टिम म्हणजे भोकं आणि चाव्या मांडायची पद्धत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आज जगभर जे क्लॅरोनेट चालतं ते बोहम सिस्टिमचं, १७ चाव्या आणि ६ रिंगांचं (रिंग म्हणजे भोकाभोवतीचं कडं), १८४० च्या आसपास फ्रान्समधे क्लोझे आणि बुफे या दोघांनी बसवलेलं. अल्बर्ट ही त्याच्या आधीच्या साध्या पद्धतीतली, ब्रसेल्सच्या यूजीन अल्बर्टच्या नावानं ओळखली जाते. आपल्याकडच्या बँडवाल्यांची बोटं बरीचशी त्याच पद्धतीत घडलेली. काका म्हणायचे की यात बोट सरकवून मींड काढता येते, रिंगवाल्यात ती मजा नाही.

आता गोची अशी की मला चांगलं लाकडी, युरोपातलं अल्बर्ट हवं होतं, आणि तिकडच्या मोठ्या कंपन्यांनी ते बनवणं कधीचंच सोडलं. म्हणजे मिळेल ते जुनंच, ८०-१०० वर्षांचं. हे मी स्वतःच स्वतःला सांगितलं आणि खूष झालो, अँटिक मिळेल म्हणून. पण जुनं म्हटल्यावर त्या काळी सूर कुठला होता हा प्रश्न डोक्यात आलाच नाही. सगळी फसवणूक याच एका फटीतून आत शिरली.

जानेवारीत एका परदेशी लिलावाच्या साइटवर इंग्लंडचा एक विक्रेता दिसला. वर्णनात लिहिलेलं की जुनं ब्रिटिश बनावटीचं, ब्लॅकवूड लाकूड, बी फ्लॅट, नुकतेच सगळे पॅड बदललेले, बँडमधे वाजवायला तयार. रेटिंग शंभर टक्के. नंतर नीट पाहिलं तेव्हा कळलं की ते रेटिंग पोस्टकार्ड, बटणं, चमचे असल्या वस्तूंवर कमावलेलं होतं, वाद्य एकही नाही. आणि वर्णनाच्या शेवटी बारीक अक्षरात, आम्ही वादक नाही, आहे त्या स्थितीत विकत आहोत. अहो वादक नाही तर मग बँडमधे वाजवायला तयार आहे हे कोणी ठरवलं? पण रात्री दीड वाजता लिलाव संपत असताना माणूस असे प्रश्न विचारत नाही.

हो, दीड. तिकडचे रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपले दीड. बायको झोपलेली, मी पांघरुणात मोबाइल घेऊन. माझी बोली ९० पौंड, समोर कोणीतरी ९५. मी १०५, तो ११०. शेवटच्या मिनिटाला १४२ वर मला मिळालं आणि मी अक्षरशः अंथरुणात उडी मारली. पंधरा दिवसांनी त्याच विक्रेत्याच्या एका ट्रम्पेटवर तेच चांदण्या लावून झाकलेलं नाव, तीच थोडी थोडी चढवत नेण्याची पद्धत, आणि शेवटी माघार. आता तो त्याचा मित्र होता की भाऊ ते जाऊ द्या, पण माझ्या मनात काही शंका उरली नाही. आपला आकडा आधी कागदावर लिहून ठेवा आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदाच टाका, दर मिनिटाला पाच-पाच पौंड चढवत बसाल तर समोरच्याला तुमची भूक कळते.

वर टपाल ३८ पौंड, बँकेनं कार्डावर कापलेलं वेगळं, आणि कुरिअरवाल्यानं ड्युटीचं बिल दाखवलं तेव्हा घामच फुटला. दारात येईपर्यंत एकूण ३१ हजाराच्या घरात.

वाद्याचा खोका उघडला. सुंदर होतं, खोटं कशाला बोलू. फुंकलं तर आवाजही गोड, जाड, काकांच्या वाद्यापेक्षा कितीतरी भरलेला. दोन दिवस एकट्यानंच वाजवलं आणि मग प्रतापनगरला एका मित्राकडे पेटीसोबत, म्हणजे हार्मोनियमसोबत बसलो. बी फ्लॅट क्लॅरोनेटचा सी म्हणजे पेटीवर काळी पाच (पाचवी काळी पट्टी), हे बँडमधल्या लहान पोरालाही माहीत असतं. मी सी धरला आणि मित्रानं काळी पाच दाबली. भयानक. त्यानं पांढरी सात दाबली. तेही नाही. सूर दोघांच्या मधे कुठेतरी लटकलेला. मित्र म्हणाला, तुझा ओठ कडक होऊन राहिला आहे रे, ढिला सोड.

आणि इथे मी सगळ्यात मोठी चूक केली, ती म्हणजे तीन आठवडे मी स्वतःलाच दोष देत बसलो. रीड बदलल्या, दोन नंबरची, अडीचची. माउथपीस काकांचं लावून पाहिलं. बॅरल, म्हणजे माउथपीसखालचा नळीचा छोटा तुकडा, ओढून पाहिलं, म्हणजे नळी लांब झाली की सूर उतरतो ना, तर वरच्या जॉइंटवरचे, म्हणजे नळीच्या वरच्या भागातले सूर उतरायचे आणि खालचे जवळपास तिथेच राहायचे, म्हणजे आधी सगळंच सारखं चढं होतं ते आता आपसातही बेसूर झालं. रोज रियाज वाढवला. तिकडे साइटची तक्रार करायची ३० दिवसांची मुदत संपत चालली होती आणि मी ओठ ढिला करत होतो.

शेवटी इतवारीकडच्या एका गल्लीत बँडची वाद्यं दुरुस्त करणारे एक चाचा आहेत त्यांच्याकडे घेऊन गेलो. त्यांनी वाजवलंही नाही. हातात घेतलं, काकांच्या वाद्याशेजारी उभं धरलं. जवळजवळ दोन सेंटिमीटरनी आखूड. मग पाठ फिरवली, अंगठ्याच्या टेकूजवळ नंबर होता आणि त्याच्याखाली दोन बारीक अक्षरं, एच पी. चाचा हसले, "ये तो हाई पिच है भाऊ, ये हार्मोनियम के साथ इस जनम में नहीं मिलेगा."

मग त्यांनी सांगितलेलं आणि नंतर मी वाचून काढलेलं असं की, पूर्वी इंग्लंडमधे वाद्यांचा सूर आजच्यापेक्षा चढा असायचा. आज मधला ए ४४० हर्ट्झ (सेकंदाला ४४० कंपनं) धरतात, हे १९३९ मधे लंडनच्या परिषदेत ठरलं. त्याआधी तिकडचा हाय पिच साधारण ४५२ पर्यंत होता, म्हणजे जवळपास पाव सूर वर, आणि ब्रिटिश फौजेच्या बँडमधे तो १९२० च्या दशकाच्या शेवटापर्यंत टिकला. अख्खा ताफाच हाय पिचचा असेल तर कोणाला काहीच खटकत नाही. पण लाकडाची नळी आणि भोकं त्या सुरासाठी पाडली की झालं, ती मागाहून खाली आणता येत नाहीत. म्हणजे वाद्य खोटं नव्हतं. वाजतही होतं. फक्त ते आजच्या कुठल्याही वाद्यासोबत वाजू शकत नव्हतं, आणि हे ज्या दोन अक्षरांवरून कळतं त्यांचा फोटो बारा फोटोंत एकही नव्हता.

चाचांनी आणखी एक दाखवलं. वरच्या जॉइंटला, ट्रिलच्या चाव्यांच्या भोकांपासून वर गेलेली एक रेघ, काळा भुसा आणि इन्स्टंट गोंद भरून घासून पॉलिश केलेली. लाकडी क्लॅरोनेटला तडा जायची ही नेहमीचीच जागा. मे महिन्यात आपल्या इथे पारा ४५ च्या वर गेला तेव्हा ती रेघ आपोआप उघडली. इंग्लंडच्या ओलसर हवेतलं लाकूड नागपूरच्या उन्हाळ्यात आणल्यावर आणखी काय होणार म्हणा.

विक्रेत्याला लिहिलं. त्याचं उत्तर दोन ओळींचं, वाद्य वाजतं आहे, पिच कुठली हे मी कुठे लिहिलं होतं. साइटकडे तक्रार टाकली तेव्हा मुदतीचे दोन दिवस उरले होते, ते म्हणाले परत पाठवा, मग किंमत मिळेल. परतीचं कुरिअर विमा धरून साडेसहा हजार माझ्या खिशातून, ड्युटी परत मिळायचा विषयच नाही, आणि तिथे पोचल्यावर त्यानं तडा तुमच्याकडेच गेला म्हटलं की संपलं. नाही पाठवलं. तुम्ही कदाचित पाठवलं असतं.

याच रागात असताना दुसरा झटका बसला, लहान आहे म्हणून लवकर सांगतो. इकडच्याच जुन्या वस्तूंच्या एका साइटवर लो पिचचं, म्हणजे आजच्या सुराला जुळणारं अल्बर्ट दिसलं, विकणारा म्हणे आर्मीच्या बँडमधून रिटायर, गणवेशातला फोटो, कँटीनचं कार्ड, सगळं व्हॉट्सॲपवर. साइटच्या बाहेर बोलू म्हणाला, टोकन ३,००० टाका म्हणाला, टाकले. मग पॅकिंगचे वेगळे मागितले तेव्हा ट्यूब पेटली. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइन नंबरला लगेच फोन केला, तक्रार नोंदवून घेतली, पैसे अजून आलेले नाहीत. फौजी असल्याचं सांगून घाई करणारा कोणीही असो, वाद्य हातात घेऊन फुंकल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

त्या पोराला मी जे सांगितलं ते इथेही सांगतो. माउथपीस काढून बाकी सगळं जोडून टेप लावलेला फोटो मागा, बी फ्लॅट असेल तर ५९-६० सेंटिमीटरच्या आसपास भरायला हवं, दीड-दोननी कमी असेल तर हाय पिच समजा, त्याहूनही बरंच आखूड असेल तर ते सी मधलं असेल. पाठीचा फोटो मागा, दोन्ही जॉइंटवरचे नंबर वाचता येतील असा, नंबर वेगळे असतील तर दोन मेलेल्या वाद्यांचं एक केलेलं असतं. नुसत्या कंपनीच्या नावावर जाऊ नका, सेल्मर लिहिलेलं पॅरिसचं लाकडी वेगळं आणि त्याच नावाखाली अमेरिकेत निघालेलं बंडी वेगळं, ते शाळेच्या पोरांसाठीचं प्लॅस्टिकचं (आपल्या अंगातल्या बंडीशी संबंध नाही, पण किंमत तशीच धरा). बरेचदा लाकूड म्हणून एबोनाइटही (कडक रबर) खपवतात, जुनं झालं की ते हिरवट-तपकिरी पडतं आणि हातानं जोरात घासलं की रबराचा, गंधकाचा वास येतो. वास फोटोत येत नाही, मान्य, म्हणून नळीच्या आतला फोटो मागा, लाकडाच्या रेषा तिथे दिसतात. आणि पेटीच्या सुरासोबत वाजवलेला व्हिडिओ. ट्यूनर नको, पेटी नको, काही नाही म्हणणारा असेल तर तिथेच सोडा.

पोरानं त्या विक्रेत्याला माझ्यासमोरच विचारलं, लांबी किती आणि पाठीचा फोटो द्या. चार दिवस झाले, मेसेज वाचल्याचं दिसतं, उत्तर नाही. लिलाव रविवारी रात्री संपतो आहे आणि बोली तेवढ्यात ११० वर गेली आहे. माझं मात्र खोक्यात कपड्यात गुंडाळून ठेवलं आहे, सदरच्या एका हॉटेलवाल्यानं भिंतीवर लावायला १,५०० देतो म्हटलं, अजून दिलं नाही. काकांच्या मेरठवाल्याला चाचांनी नवीन पॅड बसवून दिले, पंधराशे घेतले, काळी पाचवर बरोब्बर बसतं.